एक कोयता म्हणजे किती माणसं?

सर्वेक्षणाचा फॉर्म आमच्याकडे एक्सेल शीट म्हणून येतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न. एका कॉलममध्ये प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात त्याचं यंत्रापुरतं नाव, तिसऱ्यात इंग्रजी मजकूर. मराठी हवी असेल तर शेजारी अजून एक कॉलम घालायचा आणि त्याच्या डोक्यावर 'लेबल', दोन कोलन, 'मराठी' असं लिहायचं. शीट अपलोड केली की टॅबवर भाषा बदलायची सोय आपोआप येते. हिंदी हवी, अजून एक कॉलम. गोंडी हवी, अजून एक. मी सहा वर्षं हेच काम करते आहे आणि ही रचना मला मनापासून आवडते. ती फुकट आहे, कुणालाही वापरता येते आणि जगभरातल्या आरोग्याच्या, शिक्षणाच्या कितीतरी सर्वेक्षणांचा गाडा तीच ओढते. फक्त तिच्या पोटात एक गृहीतक आहे. प्रश्न तोच राहतो, बदलतात ते फक्त शब्द.

दीड वर्षापूर्वी एका परदेशी विद्यापीठाचा अभ्यास आमच्याकडे आला. हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतल्या सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना वाचन आणि गणित कितपत येतं, हे त्यांना मोजायचं होतं. प्रश्नावली आधी दुसऱ्या दोन देशांत वापरून झाली होती. पुण्यातली एक संस्था फील्डचं काम बघणार होती, ॲप आमची कंपनी करणार होती आणि जागा ठरली होती सांगली जिल्ह्यातले, एका साखर कारखान्याच्या आसपासचे ऊसतोड कामगारांचे तळ. इंजिनिअरला सहसा कुणी फील्डवर पाठवत नाही. काही बिघडलं की स्क्रीनशॉट येतो, आपण बसल्या जागी दुरुस्त करतो. मी मात्र मागून घेतलं. माझे आजी-आजोबा बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातून वीस-बावीस हंगाम कोयत्यावर गेले. वडील लहानपणी दोन हंगाम त्यांच्याबरोबर होते, मग मामाकडे राहून शिकले आणि पुढे एसटीत कंडक्टर झाले. मी स्वतः तळावर कधी राहिलेली नाही. त्या जगाचे शब्द तेवढे आमच्या घरात होते.

संस्था त्या तळांजवळ तीन अभ्यासवर्ग चालवत होती. पुढच्या हंगामात ते चालू ठेवायचे की नाही, हे देणगीदार या अभ्यासाच्या निकालावर ठरवणार होता. 'मुलाला येत नाही' आणि 'मुलाने आपल्याला सांगितलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण शीटमध्ये दोन्हींच्या जागी एकच शून्य पडतं. तीन शिक्षिकांचं मानधन आणि कितीतरी पोरांच्या दुपारी त्या शून्यावर टांगलेल्या होत्या.

पहिली अडचण प्रश्नांपर्यंत पोचायच्या आधीच आली. संशोधनात माणसाची समजून-उमजून दिलेली संमती हवी, याबद्दल वाद नाही. त्या नियमामागे माणसांवर त्यांच्या नकळत झालेल्या प्रयोगांचा वाईट इतिहास आहे. आमचं संमतीपत्र दोन पानांचं होतं आणि शेवटी सही किंवा अंगठा. आईवडील निमूट ऐकायचे आणि अंगठ्यापर्यंत आलं की काहीतरी काम काढून उठायचे. नाहीतर त्याहून वाईट म्हणजे एक अक्षरही न विचारता अंगठा पुढे करायचे.

ऊसतोडीचा व्यवहार ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पावसाळ्यात, हातात पैसा नसताना मुकादम उचल देतो. ती हंगामात तोडलेल्या टनांतून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षावर चढते. हिशेबाचा कागद मुकादमाकडे असतो आणि त्यावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. अशा माणसाला 'आपण कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकता' हे वाक्य वाचून दाखवायचं आणि त्याच्या खाली अंगठा मागायचा! एका बाईंनी विचारलं, "ह्यात पैसं कितीचं हाय?" आमचा सर्वेक्षक म्हणाला, "मावशी, पैशाचं काही नाही यात." बाई म्हणाल्या, "मग अंगठा कशापायी?"

सर्वेक्षक स्वतः आष्टी तालुक्यातला, डी. एड. झालेला आणि भरतीची वाट बघणारा मुलगा होता. त्याने त्या रात्री मला सांगितलं की पत्र इंग्रजीतून मराठीत, मराठीतून परत इंग्रजीत असं दोनदा तपासलं असेल तरी काही उपयोग नाही. दोन वेगवेगळ्या माणसांकडून उलटसुलट भाषांतर करून घ्यायचं आणि मूळ मजकुराशी जुळवून बघायचं, ही या क्षेत्रातली रूढ आणि चांगली पद्धत आहे. आमचं संमतीपत्र त्या परीक्षेत पूर्ण गुणांनी पास झालेलं होतं. 'अंगठा' हा शब्दही बरोबर होता. त्या अंगठ्याला चिकटलेलं वर्षाचं कर्ज तेवढं दोन्ही भाषांतरांतून निसटलं होतं.

शेवटी तोंडी संमती घ्यायची, शेजारच्या कोपीतलं कुणीतरी साक्षीदार म्हणून बसवायचं आणि कागदाची प्रत कुटुंबाकडे ठेवून यायचं असं ठरलं. विद्यापीठाच्या नीती समितीच्या नियमांत याची मुभा होतीच, पण ती मिळवायला तीन आठवड्यांचा ईमेलांचा व्यवहार लागला. तेवढ्या दिवसांत एक टोळी दुसऱ्या गावच्या फडावर निघून गेली.

पुढचा प्रश्न साधा होता. कुटुंबात कमावते सदस्य किती? ॲपमध्ये या जागी पूर्णांकच बसतो. उत्तर यायचं, "एक कोयता."

तोडीच्या भाषेत कोयता हे नुसतं हत्यार नाही. कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा ऊस तोडतो, बायको पाचट बाजूला सारते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. उचल कोयत्यामागे ठरते, मजुरी कोयत्याची निघते. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. एका कोपीत आम्हाला 'दीड कोयता' असं उत्तर मिळालं. तिथे नवरा-बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ राहत होते. सर्वेक्षकाने तीन लिहिलं. शीटपुरतं ते बरोबर, पण त्या घरात पैसे तीन ठिकाणांहून येत नव्हते आणि बाईच्या हातात तर स्वतंत्र काहीच येत नव्हतं. याच्या पुढचा प्रश्न होता, 'चौदा वर्षांखालील कोणी काम करते का?' उत्तर ठामपणे 'नाही'. आणि दारात अकरा-बारा वर्षांची मुलगी भाकरी थापत होती, कडेवर सहा महिन्यांचं भावंड. तिचं काम कुठल्याच कोयत्यात मोजलं जात नाही. त्यामुळे ते 'काम' नाही आणि 'नाही' हे उत्तर खोटंही नाही.

आर्थिक स्थिती मोजायचे प्रश्न तर तिथे उच्चारवत नव्हते. घरात मुलाला अभ्यासाचं स्वतंत्र टेबल आहे का? स्वतःची खोली? घरात पाठ्यपुस्तकं सोडून पुस्तकं किती, शून्य ते दहा, अकरा ते पंचवीस, की जास्त? आंतरराष्ट्रीय चाचण्यांमधून उतरलेले हे प्रश्न आहेत आणि ज्या देशांत ते घडले तिथे खरोखर उपयोगी पडतात. पुस्तकांची संख्या हा तिथे घरच्या परिस्थितीचा बऱ्यापैकी भरवशाचा माग असतो. कोपी म्हणजे बांबू वाकवून, वर चटया आणि पाचट टाकून उभी केलेली, वाकून शिरायची जागा. आत चूल, पत्र्याची एक पेटी, गोधड्या. दुसऱ्या दिवसापासून माझ्या लक्षात आलं की आमचा सर्वेक्षक हे प्रश्न विचारतच नव्हता. मान खाली घालून स्वतःच 'नाही, नाही, शून्य' भरून पुढे जायचा. संशोधनाच्या शिस्तीत हा गुन्हा आहे. मी त्याच्या जागी असते तर दुसरं काय केलं असतं, मला सांगता येणार नाही.

आता वाचन. लहान मुलांचं वाचन मोजायची एक पद्धत जगभर चालते. २००६ पासून अमेरिकी मदतीतून ती विकसित झाली आणि कितीतरी देशांत गेली. मुलासमोर अक्षरांचा तक्ता ठेवायचा, मग शब्द, मग छोटा उतारा. घड्याळ लावायचं आणि साठ सेकंदांत किती बरोबर वाचलं ते मोजायचं. पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे आणि आकडा स्वच्छ येतो. मिनिटाला ४५ शब्द वाचले तर मूल अर्थ लागण्याइतकं वाचतं, असा एक आकडाही तिच्यासोबत फिरतो. मूळ मार्गदर्शिकेत मात्र वेगवेगळ्या भाषांतले आकडे सरळ शेजारी ठेवू नका, अशी ताकीद आहे. ताकिदीचं पान सहसा मागेच राहतं, आकडा पुढे जातो.

मराठीत 'घरासमोरच्या झाडावर' हे दोन शब्द आहेत. इंग्रजीत तेच सांगायला सात-आठ लागतात. आमच्या उताऱ्यात सहलीची गोष्ट होती आणि तिसऱ्याच ओळीत 'प्राणिसंग्रहालयात' बसलेला होता. एक शब्द, एक गुण. मूळ उताऱ्यात त्या जागी तीन छोटे शब्द होते, तीन गुण. आणि अक्षर तरी कशाला म्हणायचं? मी लिहिते त्या प्रोग्रामला 'स्त्री' मोजायला दिलं तर तो सहा सांगतो, कारण त्याच्या लेखी स, त, र, दोन पाय मोडायच्या खुणा आणि एक वेलांटी असे सहा वेगळे संकेत आहेत. दुसरीतलं मूल एक सांगेल. ते बरोबर आहे. अक्षरतक्त्याच्या पहिल्या मसुद्यात कुणीतरी इंग्रजी अक्षरांच्या जागी नुसती मुळाक्षरं बसवून दिली होती, एकही काना-मात्रा नाही, जोडाक्षर तर नाहीच. तो तक्ता घडाघडा म्हणणारी मुलं पुढच्या पानावर 'पिशवी'पाशी थांबायची. पेच सगळा काना-मात्रेत आणि तक्त्यात तेवढंच नव्हतं.

आणि घडाघडा वाचणाऱ्यांचाही प्रश्न होता. एका मुलीने 'माझे पाणी सांडले' हे 'मपलं पानी सांडलं' असं वाचलं. बीड-नगरकडे 'माझं'ला 'मपलं' म्हणतात, आमच्या आजीच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. ॲपमध्ये सर्वेक्षकाने चुकलेल्या शब्दावर टॅप करायचं असतं, शब्द लाल होतो. त्या मुलीचे तिन्हींतले तिन्ही शब्द लाल करता आले असते. पण विचार करून बघा, तिने काय केलं होतं? छापलेली ओळ वाचली, तिचा अर्थ लावला आणि तो स्वतःच्या बोलीत सांगितला. वाचनाचा याहून चांगला पुरावा कोणता असतो? नुसत्या अक्षरांवर अक्षरं रचणाऱ्याला 'माझे'चं 'मपलं' करता येत नाही.

आकडे वाचायच्या भागात ५९ होते. एका मुलाने 'पन्नास नऊ' म्हटलं. उत्तरतालिकेत 'एकोणसाठ'. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडसंख्यांच्या वाचनाचा 'वीस एक, वीस दोन' हा मार्गही दिला तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला होता आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा खुलासे करावे लागले होते. टिंगल पुष्कळ झाली. पण ५९ वाचताना मराठी मुलाला पाच आणि नऊ डोळ्यांना दिसत असताना तोंडाने साठाचं नाव घ्यावं लागतं, ही अडचण खरी आहे. इंग्रजीत वीस ते नव्व्याण्णव वाचायला थोडे नियम पुरतात. मराठीत शंभरापर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या स्वतंत्र पाठ करावी लागते. मग 'संख्या ओळखणे' या नावाची चाचणी दोन्ही भाषांत एकच गोष्ट मोजते, असं कसं म्हणायचं?

या सगळ्या अडचणी तरी शब्दांच्या होत्या. शब्द बदलता येतात. खरी गोष्ट मला चौथ्या दिवशी संध्याकाळी दिसली.

दहा वर्षांचा एक मुलगा होता. दुपारी त्याची गणिताची चाचणी झालेली. सलग चार उत्तरं आली नाहीत की ॲप तो भाग आपोआप बंद करतं. त्याचा भाग पहिल्या चार गणितांतच बंद झाला होता. 'उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही, उत्तर नाही.' संध्याकाळी तोच मुलगा रस्त्याच्या कडेला वाढ्यांच्या पेंढ्या विकत बसला होता. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडलेल्या उसाचं वाढं मजुरांचं असतं आणि गावातले जनावरंवाले ते वैरणीला नेतात. मोटारसायकलवर एक शेतकरी आला.

"कशी दिली?"

"शेकडा अडीचशे."

"पस्तीस दे."

पोरगं पेंढ्या मोजत मोजतच बोललं, "पंचवीसचं साडेबासष्ट, धाचं पंचवीस. साडेसत्याऐंशी झालं."

"ऐंशी घे."

"पंच्याऐंशी द्या."

हिशेब मी मनात पडताळायला घेतला तोवर पैसे हातात पडलेही होते. आपल्याकडे पूर्वी शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी घोकून घ्यायचे. या मुलाला अडीचकी कुणी शिकवली नव्हती, पण ती त्याच्याकडे होती. मी त्याच्या शेजारी बसले आणि दुपारच्या गणितांचं विचारलं. तो लाजला नाही, घाबरलाही नाही. म्हणाला, "त्येच्यात लिवलेलं होतं की. मग मला कशाला इचारायलेत?"

टॅबच्या पडद्यावर, सर्वेक्षकाच्या बाजूला, बरोबर उत्तर दिसत असतं. त्याला ते दिसलं होतं.

पुण्याला परतल्यावर मी वाचायला लागले. हा माझा विषय नव्हे, पण लेख उघडता येतात आणि रात्री मोकळ्या असतात. शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकी अभ्यासक बाईंनी कॅरोलायनातल्या दोन कामगार वस्त्यांत बरीच वर्षं काढून १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. काळ्या कामगारांच्या वस्तीत मोठी माणसं मुलांना, ज्याचं उत्तर स्वतःला ठाऊक आहे असा प्रश्न फारसा विचारत नाहीत, असं त्यांना दिसलं. प्रश्न विचारायचा तो माहिती हवी म्हणून. शाळेत मात्र बाई हातात लाल चेंडू धरून विचारणार, याचा रंग कोणता? मूल गप्प. कारण बाईंनाही दिसतोय की! देश एक, भाषा एक, तरी 'प्रश्न' या गोष्टीचा अर्थ दोन. चाचणी म्हणजे ज्ञान तपासायचं कोरं साधन, असं आपण शाळेत वाढलेले लोक धरून चालतो. खरं तर तो एक खेळ आहे आणि त्याचे नियम कुठेतरी शिकावे लागतात.

दुसरी गोष्ट लायबेरियातली. मायकल कोल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या क्पेले शेतकऱ्यांना वीस वस्तू दिल्या आणि गट पाडायला सांगितले. अन्न, अवजारं, भांडी, कपडे असे गट अपेक्षित होते. शेतकरी सुरी आणि संत्रं एकत्र ठेवायचे, बटाटा आणि कुदळ एकत्र, कारण शहाणा माणूस तसंच करेल. वैतागून शेवटी विचारलं गेलं की मूर्ख माणूस हे कसं करेल? तेव्हा त्यांनी अवजारं एकीकडे, अन्न दुसरीकडे, असे अगदी पुस्तकी गट पाडून दाखवले. हा किस्सा पुढे जोसेफ ग्लिक यांनी लिहिला आणि तेव्हापासून तो सगळीकडे सांगितला जातो. मला त्यात गंमत वाटण्याऐवजी जरा भीती वाटते. तो शेवटचा प्रश्न विचारायचं सुचलंच नसतं तर?

आणि ब्राझीलच्या रेसिफे शहरातला १९८५चा अभ्यास, जो माझ्या वाढ्यांच्या पोराची हुबेहूब गोष्ट आहे. तेरेझिन्हा न्युनेस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन गिऱ्हाईक होऊन बाजारात गेले. रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांनी तिथे जवळपास ९८ टक्के हिशेब बरोबर केले. त्याच मुलांना तसेच हिशेब शाब्दिक उदाहरणं म्हणून दिले तेव्हा ७४ टक्के आणि नुसत्या आकड्यांत मांडल्यावर ३७ टक्के. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि इतरांचा अभ्यास २०२५मध्ये आला, त्यातही हेच दिसलं. त्यात आणखी एक भर होती. शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब तसेच जड गेले.

हे सगळं मी ऑनलाइन बैठकीत मांडलं तेव्हा पलीकडच्या प्राध्यापिकेने शांतपणे ऐकलं. तिला हीथ आणि कोल माझ्यापेक्षा अर्थातच जास्त माहीत होते. ती म्हणाली, प्रत्येक ठिकाणी प्रश्न बदलले तर तीन देशांतली तुलना संपते आणि तुलनाच नसेल तर या मुलांकडे कोण लक्ष देणार? शिवाय बाजारातला हिशेब येतो म्हणून शाळेतला नाही आला तरी चालतं, असं म्हणायचं आहे का? मुकादमाच्या वहीत काय लिहिलंय ते वाढ्यांच्या हिशेबाने वाचता येणार आहे का?

हा शेवटचा मुद्दा मला लागला. तो खराच आहे. संस्कृतीचं कारण किती सोयीचं असू शकतं, हे आपल्या देशाला चांगलं माहीत आहे. २००९च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरले आणि ७४ सहभागींमध्ये तळाशी आले, खाली फक्त किर्गिझस्तान. त्यावर प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक-सांस्कृतिक परिस्थितीबाहेरचे होते, असं सरकारने सांगितलं आणि पुढच्या फेऱ्यांतून भारत बाहेर राहिला. प्रश्न परके असतीलही. पण 'प्रथम'ची 'असर' पाहणी २००५पासून घराघरांत जाऊन, त्या त्या भाषेत घडवलेल्या एका पानाच्या साध्या उताऱ्यावर, घड्याळ न लावता मुलांना वाचायला सांगते. तीही वर्षानुवर्षं काही आनंदाची बातमी आणत नाही. परकेपणाचा पडदा बाजूला केला तरी पाचवीतलं निम्म्याच्या आसपास ग्रामीण पोर दुसरीचा उतारा वाचू शकत नाही, हे उरतंच.

'असर'ची एक गोष्ट मला मात्र फार आवडते. ती पद्धत इथे घडली आणि इथून पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडाकडे गेली. जाताना उताऱ्याचं भाषांतर गेलं नाही. उतारा कसा बनवायचा याची कृती गेली. तिथल्या भाषेतलं पहिली-दुसरीचं पुस्तक घ्या, त्यातले शब्द घ्या, नवीन उतारा लिहा. आमच्या एक्सेल शीटमध्ये कॉलम आहेत, कृती लिहायला जागा नाही. आणि हे शहाणपण आपल्याकडे काही आजचं नाही. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीची मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बांधणी केली आणि १९४० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. नुसते शब्द बदलून भागत नाही, इथल्या मुलांवर घासूनपुसून बघावं लागतं, हे तेव्हाही ठाऊक होतं. त्याच्या पुढची पायरी, म्हणजे मराठी मुलं सगळी एकसारखी नसतात, ती बहुतेक राहून गेली. कारण परदेशातून पुण्यापर्यंत आमच्या प्रश्नावलीचं फारसं काही बिघडलं नव्हतं. पुण्यातल्या ज्या शाळेत पहिली चाचपणी झाली तिथे टेबल, पुस्तकं, साठ सेकंद, सगळं सुरळीत चाललं. बिघडलं ते पुढच्या दोन-अडीचशे किलोमीटरमध्ये.

तडजोड अशी झाली. तुलनेसाठी लागणारा मूळ भाग तसाच ठेवायचा, पण त्याचा आकडा एकटा कुठेही छापायचा नाही. त्याच्या शेजारी घड्याळाशिवायचं वाचन, शब्द-मिनिटांऐवजी 'कुठे थांबलं' याची नोंद. अक्षरतक्ता नवा, काना-मात्रा-जोडाक्षरांसकट. बोलीतलं वाचन बरोबर धरायचं. गणिताचा एक भाग खऱ्या पेंढ्या आणि खऱ्या नोटा घेऊन, सर्वेक्षकानेच गिऱ्हाईक व्हायचं. कमावत्या माणसांच्या जागी कोयते विचारायचे आणि अर्धा चालेल अशी सोय करायची. टेबल-खोलीचे प्रश्न गेले, त्याऐवजी उचल फिटली का, हे आलं. ते विचारायचं की नाही यावर वेगळा वाद झाला, कारण उत्तर मुकादमाच्या कानावर गेलं तर त्रास बाईला होणार. शेवटी तो प्रश्न गावी परतल्यावरच विचारायचा, तळावर नाही, असं ठरलं. आणि चाचणीच्या आधी दहा मिनिटं मुलाने सर्वेक्षकाला काहीतरी विचारायचं, जे त्याला माहीत नसेल. आमच्या आष्टीच्या मित्राला मोळी बांधता येत नव्हती. हे सगळ्या तळाला दोन दिवसांत कळलं आणि पोरं रांग लावून त्याला शिकवायला यायला लागली.

त्या मुलाची चाचणी पुन्हा झाली. पेंढ्यांचं गणित त्याने सगळं केलं, हे सांगायला नको. कागदावरच्या वजाबाक्यांपैकी दोन केल्या, हातच्याच्या राहिल्या. वाचनात त्याने अक्षरं ओळखली, 'घर', 'बस', 'कमळ' वाचलं. 'पिशवी'पाशी तो थांबला आणि कितीही वेळ दिला तरी पुढे सरकला नाही. उताऱ्यातलं एकही वाक्य त्याला वाचता आलं नाही. घड्याळ नव्हतं, बोली चालत होती, समोर ओळखीचा माणूस होता. पद्धत नीट केल्याने त्याला वाचता येऊ लागलं नाही. फक्त तो नक्की कुठे अडलाय ते कळलं. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या शिक्षिकेने तिथूनच सुरुवात केली. तीनपैकी दोन वर्गांना पुढच्या हंगामाचे पैसे मिळाले. तिसरा बंद झाला, पण तो तिथला तळच उठल्यामुळे, आकड्यामुळे नाही.

दुसरी फेरी जुलैत होती, मुलांच्या गावी. यात माझं काम खरं काम होतं, कारण तळावर भेटलेलं मूल तीन जिल्हे ओलांडून पुन्हा शोधायचं कसं, हा डेटाबेसचा प्रश्न आहे. फोन नंबर हंगाम संपला की बंद होतात. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव वेगळं, तळावरचं वेगळं. आधार घ्यायचा नव्हता. बरंच डोकं खाजवून आम्ही ओळखीची किल्ली अशी केली: गावाचं नाव, मुकादमाचं नाव आणि आजीचं नाव. आजी सहसा गावीच असते, म्हातारीला तोडीवर नेत नाहीत.

ती किल्ली चालली. शिरूरच्या पुढे एका वस्तीवर त्या मुलाची आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. टॅब बघून तिने सतरंजी टाकली आणि आम्ही काही विचारायच्या आत तिनेच विचारलं, "कुनाची गं तू?" मी आजीचं माहेर सांगितलं, आजोबांची टोळी कोणत्या कारखान्यावर जायची ते सांगितलं, वडील कोणत्या डेपोला होते ते सांगितलं. मध्येच तिने एक मुकादमाचं नाव घेतलं, ते आमच्याही घरात घेतलं जायचं. पंधरा-वीस मिनिटं गेली. मग तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि नातवाला हाक मारली.